मेनूत नाही म्हणजे संगणकात नाही? नागपूरच्या एका अभ्यासिकेतलं प्रकरण

(संस्थेचं नाव, नेमका पत्ता आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

नागपूरच्या नंदनवन-सक्करदरा भागात अभ्यासिका भरपूर आहेत. उमरेड, काटोल, भिवापूर इथपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंतची मुलंमुली खोली करून राहतात आणि दिवस अभ्यासिकेत काढतात. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी, लिपिक, बँक, रेल्वे, ज्याची जाहिरात निघेल त्याचा फॉर्म भरायचा. हे प्रकरण एका धर्मादाय न्यासाने चालवलेल्या अशाच अभ्यासिकेतलं आहे. खाली वाचनालय, वर बसायची जागा, आणि जिन्याला लागून एक संगणक खोली. मी तिथे तांत्रिक मदत करणाऱ्या दोघांपैकी एक.

खोलीत दहा संगणक आहेत. एका कार्यालयाने वापरून झाल्यावर दिलेले, प्रत्येकात ४ जीबी रॅम. त्यांवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई ४.१८ हा हलका डेस्कटॉप. ज्या तंत्रज्ञाने ते बसवले त्याने ते किऑस्कसारखे, म्हणजे ठरावीक कामापुरते, बांधून दिले होते. पॅनल (पडद्याच्या कडेची पट्टी) हलत नाही, डेस्कटॉपवर उजवी क्लिक चालत नाही, अक्षराचा आकार बदलत नाही. मेनूत तीनच नोंदी: फायरफॉक्स, पीडीएफ वाचक आणि ‘बंद करा’. विद्यार्थ्यांसाठी एकच खातं, आणि संगणक सुरू केला की पासवर्ड न विचारता थेट आत.

ग्रंथपाल ताईंना ही व्यवस्था पसंत होती. कुणी काही बिघडवत नाही, रोज कुणाला बोलवावं लागत नाही. मोफत संगणक खोली चालवणाऱ्याला ही गोष्ट किती मोलाची असते, हे ज्याने अशी खोली चालवली त्यालाच कळेल. म्हणून पुढे जे लिहिलं आहे ते जुन्या तंत्रज्ञाला नावं ठेवण्यासाठी नाही. त्याला जे सांगितलं गेलं, ते त्याने केलं.

अडचण

सूचना वहीत एकाच तऱ्हेच्या नोंदी वाढत गेल्या. अर्ज लिहायला वर्डसारखं काही पाहिजे. मराठी टायपिंगचा सराव करायचा आहे (लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो, आणि टायपिंग संस्थेची फी सगळ्यांना झेपत नाही). गुणांची बेरीज करायला तक्ता पाहिजे. आणि सगळ्यात जास्त वेळा: फोटो आणि सही लहान करायची सोय पाहिजे.

शेवटची मागणी बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. ऑनलाइन अर्जात फोटो आणि सही ठरावीक केबीच्या आतच चढते. मोबाईलने काढलेला फोटो काही एमबीचा असतो. तेवढ्यासाठी मुलं फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जातात आणि दर अर्जाला पैसे मोजतात. नाहीतर मोबाईलवर कुठलं तरी फुकट ॲप घेतात आणि आपली सही कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवर चढवून मोकळी होतात.

मागणी चालू असतानाच दुसरी गोष्ट घडली. एका मुलीने संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडलं, मोबाईलमधला फोटो घेतला आणि घाईत तशीच उठून गेली. पुढच्याने ब्राउझर उघडला तर तिच्या गप्पा समोर. त्याने लगेच ताईंना बोलावलं, पुढे काही वाढलं नाही. पण मग ताईंनी एकेका संगणकाचं ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून पाहिलं. आधार कार्डं, गुणपत्रिका, जातीचे दाखले, सह्या, बँक पासबुकाची पानं. महिनोन्‌महिन्यांचं साठलेलं, कुणालाही दिसेल असं.

न्यासाच्या बैठकीत दोन्ही विषय एकदमच आले आणि एकमेकांच्या आड आले. विद्यार्थी म्हणत होते मेनू वाढवा. विश्वस्त म्हणत होते आणखी आवळा. खजिनदार काकांचा प्रश्न रास्त होता: “तीन गोष्टी दिल्या तर हे हाल आहेत, दहा दिल्यावर काय होईल?” निर्णय झाला नाही. आधी पाहणी करा, असं ठरलं.

दरम्यान ताईंनी ओळखीच्या एका संगणक दुकानातून माणूस बोलावला होता. त्याने लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या ॲपची नोंद मेनूत आणायचा प्रयत्न केला. आली नाही. सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल असं सांगून तो दहा संगणकांचा खर्च लिहून देऊन गेला. हा कागदही आमच्या समोर होता.

पाहणीत काय दिसलं

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही खोलीत बसून मेनूची फाईल वाचत होतो. तिथेच अभ्यास करणारा एक मुलगा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, तुम्ही मेनू-मेनू करून राहिले, पण आमचं काम तर कधीचं चालू आहे न.” त्याने आपला ईमेल उघडला. त्यात त्याने स्वतःलाच पाठवलेली एक कोरी वर्डची (डॉक्स) फाईल होती. ती उतरवली, क्लिक केली आणि लिब्रेऑफिस रायटर उघडलं.

म्हणजे रायटर संगणकात पहिल्या दिवसापासून होतं. डेबियनचा एक्सएफसीई डेस्कटॉप नेहमीच्या पद्धतीने बसवला की लिब्रेऑफिस सोबत येतंच. मेनूत फक्त त्याचं नाव नव्हतं. ज्यांना ही कोऱ्या फाईलची वाट ठाऊक होती ते अर्ज लिहीत होते, ज्यांना नव्हती ते दुकानात पैसे देत होते. मला हे फार लागलं. बंदोबस्ताचा भार ज्यांना आधीच कमी माहिती होती त्यांच्यावरच पडत होता.

मग त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, जरा कचरत. फायरफॉक्सच्या डाउनलोड यादीत फाईलशेजारी फोल्डर दाखवायची खूण असते. ती दाबली की थुनार हा फाईल व्यवस्थापक उघडतो. थुनारमध्ये रिकाम्या जागी उजवी क्लिक केली की ‘ओपन टर्मिनल हिअर’. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायची खिडकी. टर्मिनल उघडलं. विद्यार्थ्यांचं खातं हेच संगणक बसवताना तयार केलेलं पहिलं खातं होतं, आणि डेबियनमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड कोरा ठेवला की त्या पहिल्या खात्याला सुडोचा, म्हणजे पूर्ण ताब्याचा, अधिकार मिळतो. सुडो वापरायला लागणारा त्या खात्याचा पासवर्ड ताईंच्या टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर होता. तो सगळ्यांना पाठ होता.

बैठकीत हे सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया त्या मुलाला खोली बंद करण्याची होती. इथे ताई ठाम राहिल्या. त्याने काही मोडलं नव्हतं, काही चोरलं नव्हतं, विचारल्यावर स्वतःहून दाखवलं होतं. पुढे प्रत्येक बदल तपासून पाहायचं काम आम्ही त्यालाच दिलं. ताईंचा हा निर्णय झाला नसता तर बाकीच्या वाटा आम्हाला कुणी दाखवल्या नसत्या.

आता हे असं का होतं. लिनक्स डेस्कटॉपवर मेनूमागे तीन वेगळ्या गोष्टी काम करतात. पहिली, प्रत्येक ॲपची ‘डेस्कटॉप’ फाईल: नाव काय दाखवायचं, कुठली आज्ञा चालवायची, चिन्ह कुठलं. दुसरी, मेनूची फाईल: या नोंदींपैकी कुठल्या, कुठल्या क्रमाने दाखवायच्या. तिसरी, कुठल्या प्रकारची फाईल कुठल्या ॲपने उघडायची याची नोंद. जुन्या तंत्रज्ञाने फक्त दुसरी बदलली होती. त्याने वर्गवारीवर चालणारी नेहमीची मेनू फाईल काढून तीन नोंदींची नावं थेट लिहिलेली फाईल ठेवली होती. त्यामुळे तिसऱ्या वाटेने रायटर उघडतच होतं.

दुकानातल्या माणसाचा प्रयत्न का फसला, तेही इथेच कळतं. त्याने रायटरच्या डेस्कटॉप फाईलची प्रत विद्यार्थी खात्याच्या घरात, म्हणजे त्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरात, ठेवली. साध्या मेनूत ती दिसली असती. इथे मेनू फाईल नावं मोजून घेत होती आणि त्या यादीत रायटर नव्हतं. पुसून नव्याने बसवायची गरजच नव्हती, एक ओळ वाढवायची होती.

आणखी एक बारकावा, जो अशा कामात नेहमी नडतो. डेस्कटॉप फाईलमध्ये ‘नोडिस्प्ले’ लिहिलं तर ॲप मेनूत दिसत नाही, पण फाईलवर क्लिक केल्यावर उघडतं. ‘हिडन’ लिहिलं तर ती नोंदच नाही असं धरलं जातं. पण यातलं कुठलंही लिहिलं तरी ॲप संगणकात राहतंच आणि टर्मिनलमधून चालतंच. दिसणं, फाईलवरून उघडणं आणि चालवण्याचा अधिकार असणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. विश्वस्तांना आम्ही एवढंच सांगितलं: मेनू ही दारावरची पाटी आहे, कडी-कोयंडा दुसरीकडे बसवावा लागतो.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय: मेनू फाईलमध्ये चार नावं वाढवायची आणि मोकळं व्हायचं. अर्ध्या दिवसाचं काम. विद्यार्थी खूश झाले असते, पण डाउनलोड फोल्डरातली आधार कार्डं तशीच राहिली असती.

दुसरा पर्याय खजिनदार काकांचा: फायरफॉक्ससुद्धा ठरावीक संकेतस्थळांपुरता ठेवायचा, पेनड्राइव्ह बंद करायचा. यात धोका कमी होतो हे खरं. पण भरतीच्या संकेतस्थळांचे पत्ते जाहिरातीगणिक बदलतात आणि पेनड्राइव्हशिवाय भरलेला अर्ज घरी न्यायचा कसा? खोली उघडी राहिली असती आणि मुलं दुकानात गेली असती.

तिसरा: सगळं ब्राउझरमधूनच. लिहायचं तर ऑनलाइन दस्तऐवज, हिशोब तिथेच. यात काहीच बसवावं लागत नाही. पण प्रत्येकाला आपल्या खात्याने आत जावं लागतं, बाहेर पडायला विसरलं की पुन्हा तोच प्रसंग. शिवाय नेट गेलं की खोली बंद.

चौथा: प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खातं. तांत्रिकदृष्ट्या हे नीट आहे. पण विद्यार्थी दर काही महिन्यांनी बदलतात, पासवर्ड विसरतात, आणि ही खाती सांभाळायची ताईंनी. त्यांनी स्पष्ट सांगितलं, माझ्याच्याने होणार नाही. न होणारी व्यवस्था कागदावर कितीही चांगली असली तरी घेऊ नये, असं माझं मत आहे.

पाचवा पर्याय या सगळ्यांकडे पाहिल्यावर सुचला. कुलूप मेनूतून काढून खाली न्यायचं: साधं, अधिकार नसलेलं खातं, आणि उठलं की सगळं पुसलं जाईल असं घर. मग मेनू मोकळेपणाने वाढवायचा.

काय ठरलं आणि का

बैठकीत वाद पर्यायांवर होत नव्हता, तो एका न विचारलेल्या प्रश्नावर अडला होता: हे कुलूप कुणासाठी आहे? आतापर्यंतचं कुलूप विद्यार्थ्यांपासून संगणकाला जपत होतं. संगणक मोडला तर पुन्हा बसवता येतो, दुपारभराचं काम आहे. एखाद्या मुलीची सही, आधार आणि बँकेचं पान एकत्र कुणाच्या हाती गेलं तर ते परत आणता येत नाही. म्हणजे जपायचं होतं विद्यार्थ्याला, त्याच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्यापासून.

हे मांडल्यावर खजिनदार काका पाचव्या पर्यायाच्या बाजूला आले, आणि पुढे त्यांनीच इतरांना समजावलं. त्यांना बंदोबस्त हवा होता, तो या पर्यायात आधीपेक्षा जास्त होता.

अंमलबजावणी: आधी कुलूप

क्रम महत्त्वाचा होता. मेनू आधी वाढवला असता तर मधल्या काळात धोका वाढला असता. म्हणून आधी खालची कामं.

विद्यार्थ्यांसाठी नवं साधं खातं, सुडोशिवाय. देखभालीचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड ताई आणि आम्ही दोघं एवढ्यांकडेच. काचेखालची चिठ्ठी ताईंनी स्वतः फाडली.

विद्यार्थी खात्याचं घर डिस्कवरून काढून रॅममध्ये नेलं, टीएमपीएफएस या रॅममधल्या तात्पुरत्या साठवणीवर. कमाल मर्यादा ५१२ एमबी. ही मर्यादा सांगितली नाही तर टीएमपीएफएस अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकतं, आणि ४ जीबीच्या संगणकावर फायरफॉक्सचा श्वास कोंडतो. सत्र संपलं की लाइटडीएमची (खात्यात आत-बाहेर करणाऱ्या प्रोग्रॅमची) सफाई स्क्रिप्ट घर रिकामं करते आणि कोरं घर पुन्हा मांडते. डिस्कवर ठेवून पुसणं शक्य होतं. पण वीज गेली तर सफाई स्क्रिप्ट चालतच नाही, आणि उन्हाळ्यात नागपुरात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. रॅममधलं वीज गेल्यावर आपोआपच जातं. व्हॉट्सॲप वेबचा प्रश्नही यातच सुटला: ब्राउझरची सगळी माहिती घरात असते, घर गेलं की तीही गेली.

टर्मिनलवर कडी बसवली. थुनारच्या सर्वांसाठीच्या कृतींच्या फाईलमधून ‘ओपन टर्मिनल हिअर’ काढलं. तेवढ्यावर थांबलो नाही, कारण तीही पाटीच. टर्मिनलच्या मूळ फाईलचे अधिकार असे बदलले की देखभालीच्या गटालाच ती चालवता येईल. हे अधिकार डेबियनच्या ‘डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड’ या आज्ञेने नोंदवले. साध्या आज्ञेने बदलले असते तर पुढच्या अद्ययावतीत पॅकेजने (ॲपच्या तयार गठ्ठ्याने) ते पुन्हा मूळपदावर आणले असते. घर आणि पेनड्राइव्ह ‘नोएक्झेक’ने जोडले, म्हणजे उतरवलेला प्रोग्रॅम थेट चालत नाही. याला मर्यादा आहे: शेल किंवा पायथनला (आज्ञांची फाईल वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) फाईल वाचायला दिली तर नोएक्झेक अडवत नाही. पण खात्याला अधिकारच नसल्याने आणि घर पुसलं जात असल्याने नुकसान त्या सत्रापुरतं राहतं.

लिब्रेऑफिसमध्ये मॅक्रो (फाईलच्या आत दडलेल्या आज्ञा) चालवणं बंद केलं आणि ती मांडणी ‘फायनलाइज्ड’ केली, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता येत नाही. कुणाच्या ईमेलमधून आलेली फाईल इथे उघडली जाणारच, ते थांबवायचं नाही.

आणि मग काही कुलपं आम्ही काढली. पॅनल हलवलं, वॉलपेपर बदलला, अक्षर मोठं केलं, तरी उठल्यावर सगळं पूर्ववत होणारच असेल तर ते अडवायचं कशाला? एका विद्यार्थ्याची नजर कमजोर आहे. तो आजवर पडद्याला नाक लावून वाचायचा, कारण अक्षराचा आकार बंद होता. आता तो बसला की पहिल्यांदा अक्षर मोठं करतो. या एका गोष्टीसाठीही मी हे काम पुन्हा केलं असतं.

अंमलबजावणी: मग मेनू

मेनू फाईल नावं मोजून घेणारीच ठेवली. वर्गवारीवरची ठेवली असती तर उद्या एखादं पॅकेज अद्ययावत होताना सोबत आलेलं काहीही मेनूत आपोआप चढलं असतं. यादी मोजकी असणं चुकीचं नव्हतं, तिच्याकडून कुलपाचं काम करून घेणं चुकीचं होतं.

डेस्कटॉप फाईलींच्या आमच्या प्रती ‘यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये ठेवल्या. त्याच नावाची फाईल तिथे असली तर मूळ जागेच्या आधी तीच धरली जाते, आणि अद्ययावतीत तिला धक्का लागत नाही. प्रत्येकीत मराठी नावाची ओळ घातली आणि सत्राची भाषा मराठी केली. मेनूत उपमेनू नाहीत, एकच सरळ यादी, कामाच्या क्रमाने: ‘इंटरनेट’, ‘लिहा’, ‘तक्ता’, ‘पीडीएफ वाचा’, ‘फोटो-सही लहान करा’, ‘गणकयंत्र’, ‘पेनड्राइव्ह काढा’, ‘काम संपलं’. नावावर माऊस नेला की ॲपचं खरं नाव दिसतं, कारण उद्या कचेरीत त्यांना तेच नाव भेटणार आहे.

प्रत्येक फाईल ‘डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट’ या तपासणीच्या आज्ञेने तपासून घेतली. मेनू फाईलमधलं नाव आणि डेस्कटॉप फाईलचं नाव अक्षरशः जुळावं लागतं, लहान-मोठ्या लिपीसकट. जुळलं नाही तर चूक दाखवली जात नाही, नोंद गुपचूप गळते. डेस्कटॉप फाईलच्या ‘ट्रायएक्झेक’ या ओळीत लिहिलेला प्रोग्रॅम जागेवर नसेल तरी हेच होतं. नोंद दिसत नसेल तर या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

मराठी टायपिंगसाठी आयबस या प्रोग्रॅमवर इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी दिली आणि सरावाचे उतारे पीडीएफमध्ये ठेवले. काहींचा हात टायपिंग संस्थेत रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला आहे, त्यांची सोय अजून नीट झालेली नाही. छपाई मेनूत घातली नाही, ती ताईंच्या टेबलावरून होते.

सगळ्यात जास्त विचार ‘फोटो-सही लहान करा’ला लागला. दोन वाटा होत्या. जीथम्बसारखं पूर्ण चित्र-ॲप द्यायचं, त्यात कापता येतं, फिरवता येतं, लहान करता येतं. किंवा एकच काम करणारी छोटी स्क्रिप्ट द्यायची. पूर्ण ॲपमध्ये मुलं चाचपडली. कुठल्या मेनूत जायचं, दर्जा किती ठेवायचा, साठवल्यावर केबी किती होतील, हे प्रत्येक वेळी अंदाजाने. फॉर्मची शेवटची तारीख असताना अंदाज नको असतो. म्हणून स्क्रिप्ट. ती विचारते: कुठली फाईल? किती केबीच्या आत? आणि मूळ फाईलला हात न लावता नावापुढे ‘लहान’ जोडून नवी फाईल ठेवते.

आत काम इमेजमॅजिक हा चित्रं बदलणारा प्रोग्रॅम करतो. त्याला जेपेग फोटोचा कमाल आकार सांगता येतो आणि तो दर्जा कमी करत तिथवर आणतो. पण मोठ्या फोटोला सरळ २० केबीत दाबलं की चेहऱ्याचे चौकोन होतात. म्हणून आधी लांबी-रुंदी कमी करायची, मग आकाराची मर्यादा. मोबाईलच्या फोटोत ठिकाण आणि वेळ लपलेली असते, तीही काढून टाकली. इथे क्रम पाळावा लागतो: फोटो उभा की आडवा हेही त्याच लपलेल्या माहितीत असतं. आधी फोटो सरळ करून घ्यायचा आणि मगच माहिती पुसायची, नाहीतर माणूस आडवा पडतो.

सगळं आधी एकाच संगणकावर ठेवलं, खिडकीजवळच्या. त्या मुलाला आणि त्याच्या दोन मित्रांना सांगितलं, यातून बाहेर पडून दाखवा. त्यांनी फाईल निवडायच्या खिडक्या, मदतीचे दुवे, लेखातले दुवे, कळफलकाचे सगळे जोड करून पाहिले. ‘ऑल्ट’ आणि ‘एफ२’ दाबून आज्ञेची खिडकी उघडली, पण तिथून टर्मिनल चालेना. मगच बाकीच्या संगणकांवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, तेच सगळं चढवलं.

निष्पत्ती

सूचना वहीतल्या वर्डच्या आणि फोटो-सहीच्या नोंदी थांबल्या. भरतीची जाहिरात निघाली की खोलीत रांग लागते आणि त्यातले बहुतेक ‘फोटो-सही लहान करा’साठीच आलेले असतात. ताई आता डाउनलोड फोल्डर अधूनमधून उघडून पाहतात, ते रिकामं असतं. कोऱ्या डॉक्स फाईलची वाट कुणाला लागत नाही. संगणक बिघडला म्हणून बोलावणं आलं ते माऊस आणि केबलसाठी.

सगळं गोड झालं नाही. एका दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरने संगणक खोलीचा भार घेतला नाही. एक मुलगी चार पानी निबंध लिहीत होती, सगळा गेला. रायटर ठरावीक वेळाने आपोआप प्रत ठेवतं, पण ती प्रतही घरात, म्हणजे रॅममध्येच. तिची खाजगी माहिती पुसणाऱ्या व्यवस्थेनेच तिचं लेखनही पुसलं. आम्ही तिच्याशी बोललो, तिने रागावणं साहजिक होतं.

यावर डिस्कवर परत जावं असंही सुचवलं गेलं. आम्ही गेलो नाही. त्याऐवजी ‘लिहा’ या नोंदीमागे छोटी स्क्रिप्ट घातली: पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर रायटर उघडण्याआधी एक खिडकी येते, ‘वीज गेली तर हे लेखन राहणार नाही, पेनड्राइव्ह लावा’. ताईंच्या टेबलावर उसने द्यायला काही पेनड्राइव्ह ठेवले, परत आले की ते पुसले जातात. संगणक खोली इन्व्हर्टरच्या वेगळ्या ओळीवर घ्यायचा खर्च न्यासाने मंजूर केला आहे.

पुन्हा असं काम करताना

दुसऱ्या अभ्यासिकेत हेच काम निघालं तर पहिला दिवस मुलांशी बोलण्यात घालवावा. मेनू फाईल वाचून जे कळायला वेळ लागला असता ते एका मुलाने दोन क्लिकमध्ये दाखवलं. मात्र दाखवणाऱ्याला त्रास होणार नाही हे बैठकीत आधी मान्य करून घ्यावं, नंतर नाही.

घर पुसण्याची सोय बाकी सगळ्याच्या आधी, मागणी असो वा नसो, पहिल्याच आठवड्यात करावी. ती मेनूच्या चर्चेवर अवलंबून ठेवण्याचं कारण नाही. आणि विजेचा विचार तिच्यासोबतच व्हावा: घर रॅममध्ये न्यायचं ठरलं की इन्व्हर्टरची तपासणी त्याच दिवशी.

दोन गोष्टी अजून उघड्या आहेत. सहीचा कागद मोबाईलने काढला की भोवती बरीच पांढरी जागा येते आणि ती कापायची सोय आमच्या स्क्रिप्टमध्ये नाही. आपोआप कापून पाहिलं तर सावली पडलेल्या कागदावर ते फसतं. जीथम्ब फक्त एका संगणकावर देऊन पाहायचा विचार आहे. दुसरं रेमिंग्टनचं.

नव्या ॲपच्या मागणीसाठी ताईंनी वहीत वेगळं पान केलं आहे. प्रत्येक मागणीसमोर चार गोष्टी लिहायच्या: काम नेमकं काय आहे, हे ॲप दुसरं काही चालवू शकतं का, माहिती कुठे साठवतं, आणि घर पुसल्यावर काही मागे राहतं का. खिडकीजवळच्या संगणकावर तपासून झालं आणि चारही उत्तरं ताईंना पटली की मेनूत एक ओळ वाढते.